हरकत, राजीनामा, वतन

'प्रारूप मतदार यादीवर हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत.' निवडणूक जवळ आली की नगरपालिकेच्या फलकावर असा कागद लागतो. उर्दू माध्यमातून शिकलेला माणूस तो वाचतो आणि 'हरकत'पाशी फसतो. शब्द ओळखीचा असतो, म्हणूनच फसतो. अरबीत हरकत म्हणजे हालचाल. घरी आपण पोरांना 'ये क्या हरकत है' म्हणतो तेव्हा अर्थ असतो खोडी, वाईट वागणं. मराठी सरकारी कागदावर मात्र हरकत म्हणजे आक्षेप, आणि तो घेणं हा तुमचा अधिकार. नाव गळलंय, पत्ता चुकलाय, वारलेल्या माणसाचं नाव तसंच आहे, तर दिलेल्या मुदतीत लेखी कळवायचं. मुदत टळली की मतदानाच्या दिवशी केंद्रावर हुज्जत घालून उपयोग नसतो.

हाच शब्द सातबाऱ्याच्या कामातही येतो. बाप वारल्यावर जमिनीला वारसांची नावं लागतात, त्या नोंदीला 'फेरफार' म्हणतात. उर्दू कानाला हा शब्द 'हेराफेरी'सारखा लागतो, पण ती साधी महसुली नोंद आहे. तलाठ्याची नोटीस निघते आणि हरकत घ्यायला साधारण १५ दिवस मिळतात. शरीयतने मुलीचा वाटा ठरवून दिला आहे हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. तो वाटा कागदावर येतो की नाही हे या १५ दिवसांत ठरू शकतं. वारसांत बहिणीचं नावच लिहिलं नसेल आणि तिला 'हरकत' या शब्दाचा अर्थ 'भावाशी वाईट वागणं' एवढाच माहीत असेल, तर ती गप्प बसणार.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. मुलांना नवे शब्द जड जात नाहीत. 'विधेयक' किंवा 'अधिसूचना' दोनदा लिहिलं की बसतं. घोटाळा होतो तो आपल्याच घरून जाऊन मराठीत स्थायिक झालेल्या शब्दांचा. मशिदीत मुलं 'कायदा' वाचतात ते अक्षरओळखीचं पुस्तक. मराठीत कायदा म्हणजे उर्दूतला कानून. 'राजीनामा' घ्या. उर्दूत राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांनी केलेली तडजोड, आणि मंत्री पद सोडतो तेव्हा तो 'इस्तीफा' देतो. मराठीत तो राजीनामाच देतो. जुन्या मुंबई इलाख्यात सरकारी जमीन कसणारा शेतकरी ती सोडताना राजीनामा लिहून द्यायचा आणि पुढचा कसणारा 'कबुलायत' लिहून द्यायचा. मी राजीखुशीने सोडतो, असा तो कागद. पद सोडण्याचा अर्थ मला त्याच्या अगदी जवळचा वाटतो. आजचे राजीनामे किती राजीखुशीचे असतात ते सोडा.

हे शब्द आले कुठून? बहमनी आणि त्यानंतरच्या निजामशाही-आदिलशाहीच्या कारभारातून. पण गावपातळीवर लिहिणारे हात मराठी होते. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने हिशेबाचं दफ्तर फारसीतून काढून इथल्या भाषेत आणल्याचं फेरिश्ता हा इतिहासकार सांगतो. भाषा इथली झाली तरी तहसील, महसूल, जमाबंदी हे शब्द राहिले. पुढे शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पदांची नावं बदलली. पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, डबीर सुमंत. रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला, त्यात फारसी-दखनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द आहेत. राज्य स्वतःचं असेल तर त्याची भाषाही स्वतःची असावी, हा विचार मला रास्त वाटतो, त्यात द्वेष शोधण्याचं कारण नाही. पण लोकांच्या जिभेने आपलंच केलं. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना जे पद मिळालं त्याला महाराष्ट्र 'पेशवा' म्हणूनच ओळखतो, आणि पेशव्यांचे कारभारी फडणवीस हेही फारसी वळणाचंच नाव.

या सगळ्यांत मला सर्वांत अस्वस्थ करणारा शब्द 'वतन'. आपल्यासाठी वतन म्हणजे जिथे नाळ पुरली ती भूमी. मराठी इतिहासात वतन म्हणजे गावाची पिढीजात चाकरी आणि तिच्या बदल्यात मिळालेली जमीन किंवा हक्क. पाटील, कुलकर्णी, देशमुख वतनदार. काझी आणि मुलाणीही वतनदार. पाटलाला वतनाने मान मिळाला. महाराला त्याच शब्दाने जखडलं. तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात सरकारी कामाला रात्री-अपरात्री हजर राहायचं, आणि एकाच्या नावची चाकरी साऱ्या घरावर. १८७४ च्या वतन कायद्याने ही रचना इंग्रजी अमलातही टिकवली. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते पार पडलं नाही. ही वतनं गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९५८ च्या कायद्याने. एकाच शब्दात एकाला मायभूमी दिसावी आणि दुसऱ्याला वेठ, हे शब्दकोश उघडून समजत नाही. वर्गात 'हुब्बे वतन'चा निबंध देताना मी मुलांना ही दुसरी बाजूही सांगतो. काही जण विचारतात, मग त्यांनी वतन सोडलं की सुटले? प्रश्न बरोबर असतो.

'वतनदार'मधला 'दार' म्हणजे बाळगणारा. तोच 'दार' संस्कृत 'मत'ला लागला आणि 'मतदार' झाला. हिंदीत लोकतंत्र, उर्दूत जम्हूरियत. मराठीने 'लोकशाही' म्हटलं. आदिलशाही, निजामशाही, शिवशाही म्हणत आलेल्या लोकांनी राजघराण्याच्या जागी 'लोक' बसवले आणि शाही तशीच ठेवली! खासदार-आमदारांचंही तसंच. खास आणि आम दोन्ही अरबी, पण या अर्थाने ते उर्दू वर्तमानपत्रात सापडणार नाहीत. उमेदवार म्हणजे उमेद बाळगणारा. एकूण मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर त्याची अनामत जप्त होते. ही अनामत म्हणजे आपली अमानत, अक्षरांची अदलाबदल झालेली.

अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूत नाव होतं. एका माजी सदस्याने आक्षेप घेतला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी निकाल दिला. २०२२ चा राजभाषेचा कायदा स्थानिक संस्थांना मराठी वापरायला सांगतो, सोबत उर्दू लिहायला मनाई करत नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे. न्यायालयांच्या रोजच्या भाषेतले अदालत, हलफनामा, पेशी हे शब्दही निकालात उदाहरणादाखल आले आहेत. मराठी माणूस न्यायालय आणि प्रतिज्ञापत्र म्हणतो, त्यामुळे ही उदाहरणं आपल्याकडे तितकी पटत नाहीत. पण पाटीवर हरकत घ्यायची तर नगरपरिषदेत आधी अर्ज द्यावा लागतो, आणि त्या वाक्यातला 'अर्ज' अरबी, 'हरकत' अरबी.