सामाजी हसाजी दिवेकर : एका नावाचे पाठभेद

विशेषनामाला अर्थ असतो काय, हा तर्कशास्त्रातील जुना प्रश्न आहे. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ मध्ये त्याचे उत्तर नकारार्थी दिले. डार्ट नदीच्या मुखाशी वसले म्हणून एखाद्या गावाला ‘डार्टमथ’ हे नाव पडले असेल. परंतु पुढे नदीने पात्र बदलले तरी गावाचे नाव बदलत नाही, म्हणजेच नाव केवळ निर्देश करते, गुणधर्म सांगत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. हाच युक्तिवाद दापोली तालुक्यात आणून पाहिला, तर त्याची मर्यादा चटकन ध्यानात येते. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ आहे. पण ‘दाभोळकर’ हे आडनाव धारण करणाऱ्या व्यक्तीचा दाभोळशी असलेला संबंध निव्वळ निर्देशाचा नसतो. केळशीकर, आंजर्लेकर, मुरुडकर ही आडनावे व्यक्तीकडे बोट दाखवितात, त्याचबरोबर तिच्या घराण्याने मागे सोडलेल्या एका स्थळाकडेही दाखवितात. नाव येथे इतिहासाचा अवशेष म्हणून वावरते.

बाणकोटच्या खाडीपलीकडे उत्तरेस, आजच्या रायगड जिल्ह्यात, हा ‘-कर’ हिब्रू नावांना जोडलेला आढळतो. बेने इस्राएल समाजातील किहीमकर, पेणकर, नवगावकर, रोहेकर, राजपूरकर, चेऊलकर ही आडनावे त्याची साक्ष देतात. अशा नावाकडे पाहण्याची एक रूढ पद्धत आहे. ‘सॅम्युएल’ हे मूळ, ‘दिवेकर’ हा त्यावर चढलेला स्थानिक थर. पहिले धर्माचे, दुसरे भूगोलाचे. पहिले प्राचीन, दुसरे अर्वाचीन. ही मांडणी सुटसुटीत असली तरी उपलब्ध पुराव्याशी तिचा मेळ बसत नाही.

ज्यांच्या नावावरून मुंबईतील सॅम्युएल स्ट्रीट ओळखली जाते, त्या गृहस्थांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ते इंग्रज कंपनीच्या मुंबई फौजेत देशी अधिकारी होते. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७८०–८४) ते टिपूच्या कैदेत पडले. सुटका झाल्यास प्रार्थनालय बांधीन असा नवस त्यांनी केला होता, असे समाजाची परंपरा सांगते. १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात त्यांनी उभारलेले ‘शआर हारहमीम’, म्हणजे ‘दयेचे द्वार’, हे बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग होय. त्यांचा उल्लेख इंग्रजी लेखनात ‘सॅम्युएल इझिकेल दिवेकर’ असा येतो, तर कोकणातील नावाप्रमाणे ते ‘सामाजी हसाजी दिवेकर’ होते. व्यक्ती एकच, नावाचे पाठ मात्र दोन.

पाठचिकित्सेच्या अंगाने हे दोन पाठ ताडून पाहावयास हवेत. ‘शमूएल’ या हिब्रू नावाची फोड भाषाशास्त्रज्ञ सामान्यतः ‘देवाचे नाव’ किंवा ‘त्याचे नाव देव’ अशी करतात. बायबलातील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात मात्र ‘परमेश्वराकडे मागून घेतलेला’ असे लोकव्युत्पत्तीचे स्पष्टीकरण मिळते. ‘यहेज्केल’ म्हणजे ‘देव बळ देतो’. दोन्ही नावांच्या अंती असलेला ‘एल’ हा देववाचक घटक आहे. शमूएलचे ‘सामाजी’ आणि यहेज्केलचे ‘हसाजी’ होताना नेमका हाच घटक गळून पडतो, आणि त्याच्या जागी मराठीतील आदरार्थी ‘जी’ येतो. केवळ व्युत्पत्तीचाच निकष लावला, तर या नावांतून देव लोपला असे म्हणावे लागेल. परंतु ती धारण करणारा समाज आठव्या दिवशी सुंता करीत होता, शब्बाथ पाळीत होता. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणाने त्याला ‘शनवार तेली’ म्हटले. नावातील शब्दार्थ विरला तरी नावामागील आचार विरला नाही. शिवाय व्यक्तिनामांतून गळलेला ‘एल’ समूहाच्या नावात, ‘इस्राएल’ या शब्दात, शाबूतच राहिला.

अन्य नावेही हीच प्रक्रिया दर्शवितात. रहमीमचे ‘रहमाजी’ होताना हिब्रू अनेकवचनाचा ‘ईम’ हा प्रत्यय जातो. एलियाहूचे ‘एलोजी’ होताना मात्र ‘एल’ टिकतो आणि ‘याहू’ लोपतो. याचा अर्थ असा की गळती अर्थाच्या नियमाने होत नसून उच्चाराच्या सोयीने होते. शब्दाचा शेवट झिजतो व तेथे ‘जी’ बसतो. ‘मुसाजी’ आणि ‘दाऊदजी’ या रूपांत तर मोशे व दावीद यांची हिब्रू रूपे नसून अरबी-फारसी रूपे आहेत. दाभोळ, चौल यांसारख्या बंदरांतून अरबस्तान-इराणशी चाललेला व्यापार आणि किनाऱ्यावरील मुसलमान शेजार लक्षात घेता या रूपांचे नवल वाटू नये. ‘मुसाजी’ या तीन अक्षरांत हिब्रू स्मृती, अरबी उच्चार आणि मराठी आदर एकत्र नांदतात.

मग ‘सॅम्युएल’ आले कोठून? एकोणिसाव्या शतकात कोचीनचे धर्मशिक्षक, ख्रिस्ती मिशनरी आणि छापखाना यांच्यामुळे हा समाज हिब्रू ग्रंथांच्या निकट आला. जॉन विल्सन यांचे हिब्रू व्याकरण मराठीतून १८३२ मध्ये निघाले. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली. जुनी कोकणी रूपे मागे पडून बायबलातील नावे पुढे आली. तथापि जी रूपे रूढ झाली ती हिब्रू नव्हती, तशी मराठी बायबलातील ‘शमुवेल’, ‘यहेज्केल’ हीदेखील नव्हती. ती इंग्रजी होती. ज्याला मूळ पाठ समजले जाते तो अशा रीतीने सर्वांत उत्तरकालीन पाठ ठरतो. त्याला शुद्धीकरण म्हणण्यापेक्षा नवे भाषांतर म्हणणे अधिक युक्त होईल.

आडनावाचा विचारही याच दिशेने करावा लागतो. किहीममध्ये राहणाऱ्याला किहीमकर म्हणण्याचे प्रयोजन नसते. गाव सुटल्यावरच ‘-कर’ लागतो. गावोगाव विखुरलेली तेल्यांची घरे मुंबईकडे व फौजेकडे वळली, तेव्हा हे प्रत्यय ओळखीची खूण म्हणून स्थिरावले. परंतु ही खूण धर्म सांगत नाही. दिवेकर आणि दांडेकर चित्पावनांतही आहेत. ती नेहमी गावही नि:संदिग्धपणे सांगत नाही: दापोलीजवळ एक मुरुड आहे आणि जंजिऱ्याजवळ दुसरे. ‘मुरुडकर’ कोठला, हे घराण्याच्या कथनावाचून कळत नाही. सिनेगॉगमध्ये तर आडनावाचा उच्चारच होत नाही. तेथे व्यक्ती ‘अमुक बेन तमुक’, म्हणजे अमक्याचा पुत्र, म्हणून ओळखली जाते. मराठी नावातील पित्याचे मधले नाव हे या ‘बेन’चेच प्रतिरूप आहे, आणि दोन्ही नामपद्धतींचा सांधा तेथे जुळतो.

हा सांधा निखळला की काय होते, ते निसीम इझिकेल (१९२४–२००४) या कवीच्या नावात दिसते. ‘निसीम’ म्हणजे ‘चमत्कार’, तेही अनेकवचनी. घराण्याचे आडनाव तळकर. पण इंग्रजी काव्यविश्वात ते गळाले आणि ‘इझिकेल’ हे व्यक्तिनाम आडनावाच्या जागी आले. नाव संपूर्ण हिब्रू झाले, आणि त्याच क्षणी त्यातील कोकण अदृश्य झाले.

नामचिकित्सा हा केवळ विद्वानांचा विषय नाही, याचा प्रत्यय इस्राएलमध्ये आला. १९६२ मध्ये तेथील मुख्य रब्बींनी बेने इस्राएलांच्या अन्य यहुद्यांशी होणाऱ्या विवाहांपूर्वी वधूवरांच्या मातृपरंपरेची चौकशी करण्याचे निर्देश दिले. पित्याचे नाव आणि पित्याचे गाव सांगणाऱ्या नामपद्धतीला या प्रश्नाचे उत्तर देता येणे शक्यच नव्हते. समाजाने दीर्घ आंदोलन केले आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने त्याचे यहुदीत्व सर्वार्थाने मान्य केले. त्यासाठी कोणाला दिवेकरचे दुसरे काही व्हावे लागले नाही.

‘सामाजी’ हा ‘सॅम्युएल’चा अपभ्रंश मानला, की कोकणातील कित्येक पिढ्यांचे जगणे अपपाठ ठरते. दोन्ही पाठ समान प्रामाण्याचे मानले, तर मात्र त्यांतील प्रत्येक झिजलेला शेवट आणि प्रत्येक जोडलेला प्रत्यय इतिहास म्हणून वाचता येतो.