गोधडी सलग की तुकड्यांची?

राजघराण्यांचा, किल्ल्यांचा आणि देवालयांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला. आपण रात्री जे अंगावर ओढून घेतो त्याचाही काही इतिहास असेल, हे मात्र क्वचितच कोणाच्या मनात येते. आम्हीही त्या वाटेला गेलो नसतो. परंतु पुसद येथील आमच्या धर्मग्रामातील एका घरी उभ्या राहिलेल्या वादाने आम्हांला तिकडे वळवले.

त्या घरातील मुलीचे लग्न ठरले होते. तिची आई आदल्या वर्षीच निवर्तली होती. आईची लुगडी व साड्या पेटीत तशाच पडून होत्या. त्यांची एक गोधडी शिवून मुलीला लग्नात भेट द्यावी, असे आत्या, मावश्या, काकू अशा सर्वांनी एकमताने ठरवले. एकमत तेथेच संपले. नागपूरला राहणाऱ्या मावशीने सुचवले की, प्रत्येकीने आपापल्या घरी एकेक चौकोन शिवावा. वरचे कापड, आतला थर व अस्तर एकत्र घेऊन टाके घालून तो पुरा करावा, आणि शेवटी सारे चौकोन एकमेकांस जोडावेत. थोरल्या आत्याबाईंना हे मुळीच रुचले नाही. "तुकडे जोडून पिशवी होते, गोधडी होत नाही. आणि वहिनीच्या लुगड्याला कात्री लावायची?" त्यांचा कंठ दाटून आला. "फादर, तुम्हीच काय ते सांगा," असे म्हणून दोन्ही पक्षांनी निवाडा आमच्यावर सोपवला. सुईत दोरा ओवण्यापलीकडे या विषयात आमची गती नाही. आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि पुस्तकांकडे वळलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम आत्याबाईंची पद्धत पाहू. वऱ्हाडात गोधडीला वाकळ म्हणतात आणि बोलीत तिची 'वाकय' होते. सुगी आटोपली, उन्हे तापू लागली की वाकळा शिवायला निघत. धुतलेले जुने लुगडे ओसरीवर अंथरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवून ते ताणायचे, त्यावर विरलेल्या कापडांचे थर सारखे पसरायचे, वरून दुसरे लुगडे घालायचे आणि लांब कच्च्या टाक्यांनी सारे एकत्र धरून ठेवायचे. मग चार बाजूंना चौघी बसून कडेकडेने धावदोरा घालीत मध्याकडे सरकायच्या. फाटक्या जागी ठिगळ येई व तेही त्याच टाक्यात शिवले जाई. या पद्धतीला दोन गोष्टी लागतात: मोकळी ओसरी आणि एकाच वेळी रिकामे असलेले चार जोड हात. दोन्ही होते तोवर यापेक्षा चांगली पद्धत शोधण्याचे कारण नव्हते. पुसदच्या आसपासच्या तांड्यांवरील बंजारा स्त्रिया थरावर थर घेऊन दाट टाक्यांनी ज्या पिशव्या शिवीत, त्याही याच घराण्यातल्या.

परंतु तुकडे जोडणे हे काही कमीपणाचे किंवा परके काम नव्हे. बौद्ध विनयपिटकात एक प्रसंग आहे. बुद्धांनी मगधातील बांधांनी आखलेली भातशेते पाहिली आणि भिक्षूंची चीवरे त्या आकाराची करता येतील का, असे आनंदास विचारले. आनंदाने कापडाचे तुकडे शेतांसारखे मांडून, मध्ये बांधांसारख्या पट्ट्या देऊन चीवर तयार केले. आजही भिक्षूंची चीवरे त्याच आखणीची असतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 1876 साली जन्मलेल्या गाडगे महाराजांना लोक 'गोधडे महाराज' म्हणत, ते त्यांच्या अंगावरील चिंध्यांच्या वस्त्रामुळे. तुकड्यांना मान देण्याची परंपरा आपल्या मातीत जुनी आहे.

आणखी एक उदाहरण आपल्या समाजाच्या जवळचे आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर व मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांतील पुष्कळांना पोर्तुगीज काळात गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले होते. त्यांच्यात कॅथलिक, हिंदू व मुसलमान असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. त्यांच्या स्त्रिया जी गोधडी शिवतात तिला 'कवंद' किंवा 'कवंदी' म्हणतात. जुन्या साडीचे अस्तर पसरून त्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करतात. तुकड्याची कड दुमडायची, तो जागी ठेवायचा आणि सर्व थरांतून धावदोरा घालायचा. मग त्याला लागून पुढचा तुकडा. असे कडेने फिरत फिरत मध्यावर पोहोचायचे. जोडणे आणि टाके घालणे ही दोन कामे येथे एकाच वेळी होतात. चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या त्रिकोणी तुकड्यांचे 'फूल' बसवल्याशिवाय कवंद पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. कॅथलिक स्त्रिया तीत कधी क्रूसही घालतात. 2011 साली या गोधड्यांचे प्रदर्शन न्यूयॉर्कमध्ये भरले होते. हे काम एकट्या बाईला, सवडीप्रमाणे, मांडीवर घेऊन करता येते, हा त्याचा विशेष.

आता मावशीच्या चौकोनांकडे येऊ. त्यांचे मूळ शोधताना आम्हांला अनपेक्षितपणे आपल्या वऱ्हाडाचीच वाट लागली. 1861 साली अमेरिकेत उत्तर व दक्षिण राज्यांत यादवी युद्ध पेटले. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होते. येथील कापसाला एकाएकी भाव चढला आणि 1865 साली युद्ध थांबताच तो कोसळला. मागोमाग आगगाडी आली. 1867 साली ती नागपूरपर्यंत पोहोचली आणि 1870 साली खामगावच्या कापूसबाजाराला जोडणाऱ्या फाट्याचे उद्घाटन खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी केले. पुसद तालुका त्या काळी बाशीम म्हणजे वाशीम जिल्ह्यात होता. 1905 साली तो जिल्हा मोडला तेव्हा तो यवतमाळकडे आला.

इकडे कापसाचा भाव चढत असताना तिकडे उत्तर अमेरिकेतील स्त्रियांपुढे निराळाच प्रश्न होता. जखमी व आजारी सैनिकांसाठी 1861 साली 'सॅनिटरी कमिशन' स्थापन झाले होते आणि त्याला इस्पितळांतील खाटांसाठी गोधड्या हव्या होत्या. घरची पुरुषमाणसे युद्धावर गेलेली, बायकांवर दुप्पट कामे. सर्वांनी एका जागी बसायला सवड कोठून काढायची? न्यू इंग्लंड भागातील स्त्रियांना एक रीत ठाऊक होती. प्रत्येकीने एक लहान चौकोन घ्यायचा, त्यात थर भरून टाके घालायचे, चारही कडांना पट्टी लावून तो पुरा करायचा. असे चौकोन जमले की कडेला कड लावून ते शिवून टाकायचे. काही चौकोनांवर शिवणारीचे नाव असे. काहींवर अनोळखी सैनिकासाठी धीराचे चार शब्दही लिहिलेले असत. त्या गोधड्या वापरून वापरून संपल्या. आज फार थोड्या उरल्या आहेत.

हे वाचल्यावर वादाचे मूळ आमच्या ध्यानात आले. गोधडीची पद्धत कापडावरून ठरत नाही. शिवणारे हात कोठे आहेत यावरून ठरते. हात एका ओसरीवर असतील तर गोधडी सलग होते. बाई एकटी असेल तर कवंद होते. हात दूरदूर पांगलेले असतील, तर चौकोन होतात. या घरातील नऊ स्त्रियांपैकी पाच पुसदला आणि चार नागपूर, अकोला, पुणे येथे. साऱ्या एका जागी याव्यात हे लग्नापूर्वी शक्य नव्हते. सलग गोधडीचा हट्ट धरला असता, तर चौघींचा हात त्या भेटीला लागलाच नसता.

तथापि चौकोनांचे दोषही आम्ही मांडले. दाट टाक्यांनी कापड आक्रसते, आणि प्रत्येकीचा हात निराळा. म्हणून चौकोन सर्व बाजूंनी बोटभर मोठा घ्यावा आणि टाके झाल्यावरच मापात कापावा. जुन्या साडीशेजारी कोरे कापड लावायचे असल्यास ते आधी धुऊन घ्यावे. कोऱ्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्राला ओढून फाडते, हे शुभवर्तमानातून आपण ऐकतच आलो आहोत. सांधे जाड होतात, आणि ताण पडतो तोही सांध्यांवरच. तेथे दुहेरी दोरा हवा.

अखेर ठरले ते असे. दोन-दोन फुटांचे नऊ चौकोन, तीन ओळींत तीन. भोवतीचे आठ आठ घरी शिवले जातील. मधला मात्र आत्याबाई ओसरीवर बसून, जुन्या रीतीने शिवतील. त्या चौकोनासाठी लुगड्याचा पदर तेवढा उसवून घेतला. उरलेले लुगडे त्यांनी घडी करून पेटीत ठेवले. कात्री त्यांनी स्वतःच चालवली. लावण्यापूर्वी थोडा वेळ तसाच गेला, आणि कोणीही घाई केली नाही.

लग्नाच्या चार दिवस आधी चौकोन जमले. दोन अंमळ लहान भरले; त्यांना पट्ट्या लावून मापात आणले. पाठीमागे प्रत्येकीने दोऱ्याने आपले नाव घातले होते. जोडकाम संपल्यावर आत्याबाईंनी साऱ्या सांध्यांवरून बोट फिरवले, दोन ठिकाणी टाके पुन्हा घातले आणि मुलीला एवढेच म्हणाल्या, "सांधा उसवला तर माझ्याकडे घेऊन ये."