सात बेटांची मुंबई आणि पाण्याची वाट

भिलाईत आम्हांस समुद्राची गाज ऐकू येत नाही. तथापि आमच्यापैकी अनेकांचे आप्त मुंबईत आहेत, आणि आषाढ-श्रावणात तेथील वार्तांनी आमचा जीव टांगणीस लागतो. या चिंतेचे मूळ त्या नगरीच्या भूगोलात आहे.

कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही मूळची सात बेटे. महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरून सखल भागात पसरे. १७८४ च्या सुमारास हॉर्नबी वेलार्डच्या बांधाने ते अडविले. पुढे भराव पडले, खाजणे बुजली, बेटे सांधली. जमीन वाढली, तिची उंची मात्र बेताचीच राहिली.

म्हणूनच भरतीच्या वेळी अनेक गटारांची मुखे पाण्याखाली जातात आणि पावसाचे पाणी शहरातच तुंबते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला; कुलाब्यास मात्र सुमारे ७३. विहार-पवईचे पाणी माहीमच्या खाडीस नेणारी मिठी नदी भरावांनी आक्रसलेली होती. त्यात भरतीची भर पडली.

आता समुद्राची पातळीही वाढत आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीचे प्रसंग १९५० पासून सुमारे तिप्पट झाले, आणि त्यांना ओलावा पुरवितो तो अरबी समुद्रच. तेव्हा शिवनाथेकाठचे आम्हीही त्या समुद्रापासून फारसे दूर नाही. नाले व तळी बुजविण्यापूर्वी मुंबईचा हा धडा आपण स्मरणात ठेवावा.