छोट्या व्यापाऱ्याची दवंडी

बोलक्याची बोरेही विकली जातात आणि अबोलाचे गहू कोठारात पडून राहतात, अशा अर्थाचे बोल बाजारपेठेत पूर्वापार ऐकू येतात. माल चांगला असणे ही व्यापाराची पहिली अट खरी. परंतु तो चांगला आहे हे गिऱ्हाइकाच्या कानावर घालावे कसे, हा प्रश्न लहान व्यापाऱ्यास माल तयार करण्याच्या कष्टाहूनही अधिक छळीत आला आहे. मोठ्या पेढीजवळ पैसा असतो. ती वर्तमानपत्राचे पान विकत घेते, नाक्यानाक्यावर फलक उभारते. चार माणसांच्या कारखान्यास ही साधने परवडत नाहीत. त्याने गावोगाव दवंडी पिटविली, दारावर पाटी लावली, हस्तपत्रके वाटली, आणि त्यापलीकडे आपल्या मालाची कीर्ती गिऱ्हाइकांच्याच तोंडी सोपविली. आज ज्यास समाजमाध्यमांवरील जाहिरात म्हणतात, ती या जुन्या धडपडीचीच अलीकडील पायरी होय. तिचे स्वरूप नीट उमगावयाचे असेल, तर तिच्या आधीची एक पायरी प्रथम पाहावयास हवी. आणि ती महाराष्ट्रातच, एका नांगराच्या कारखान्यात सापडते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या लहानशा दुकानाने आपल्या व्यवसायाचा पाया घातला. पुढे ते कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार करू लागले. १९१० साली औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळील माळरान त्यांस दिले, आणि त्या ओसाड जागेवर किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर उत्तम होता. पण शेतकरी तो घेईना. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असा समज त्या काळी शेतकरीवर्गात रूढ होता. असा समज हस्तपत्रकाने दूर होत नाही. ज्यास वाचता येत नाही त्याच्या ते उपयोगी नाही; आणि ज्यास वाचता येते तो म्हणतो, विकणाराच आपल्या मालाची स्तुती करणार, तिची किंमत ती काय! शेतकऱ्यास नांगराविषयी खात्री वाटण्यापूर्वी नांगर करणाऱ्या माणसांविषयी खात्री वाटावयास हवी होती.

हीच गोष्ट सातासमुद्रापलीकडील एका नांगरवाल्यानेही ओळखली होती. अमेरिकेतील इलिनॉय संस्थानात पोलादी नांगरांवर नावारूपास आलेल्या जॉन डिअर कंपनीने १८९५ साली 'द फरो', म्हणजे 'नांगराचे तास', या नावाचे शेतकऱ्यांसाठी एक पत्र सुरू केले. शेतीची उपयुक्त माहिती द्यावी आणि त्या ओघात कंपनीचे नाव शेतकऱ्याच्या घरात नित्य राहावे, असा त्यातील हेतू होता. किर्लोस्करवाडीत हा विचार जानेवारी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' या मासिकाच्या रूपाने अवतरला. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे लक्ष्मणरावांचे पुतणे. ते मूळचे चित्रकार. लाहोर येथे पंडित सातवळेकरांच्या हाताखाली ते ही कला शिकले होते. माणसाची नजर कोठे खिळते याचे ज्ञान त्यांस होते, आणि ते ज्ञान त्यांनी कारखान्याच्या कामी लाविले.

प्रारंभी या मासिकात कारखान्याची व त्याच्या मालाची हकीकत असे. परंतु केवळ नांगराच्या स्तुतीने भरलेले पत्र कोण दुसऱ्यांदा उघडणार? शंकररावांनी त्यात उद्योगधंद्यांची माहिती, स्वावलंबनाचा उपदेश, कथा, चित्रे आणि समाजसुधारणेची चर्चा यांस स्थान दिले. १९२९ साली 'खबर' हा शब्द गळून मासिकाचे नाव नुसते 'किर्लोस्कर' झाले. १९३० साली 'स्त्री' व १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे त्यास लाभली. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे निबंध याच 'किर्लोस्कर'मधून मध्यमवर्गीयांच्या घरांत पोहोचले. ज्या घरांत नांगर कधीही विकत घेतला जाणार नव्हता, त्या घरांतील गृहिणींच्या व विद्यार्थ्यांच्या ओठांवरही नांगरवाल्याचे नाव आपुलकीने येऊ लागले. एका कारखान्याची जाहिरातपत्रिका महाराष्ट्राच्या वाङ्मयीन व सामाजिक इतिहासाचा भाग होऊन बसली. गिऱ्हाइकास काही मागण्यापूर्वी त्यास काही द्यावे, हे तिच्या यशाचे मर्म होते.

तथापि हे साधन सर्वांस सुलभ नव्हते. मासिक चालवावयाचे म्हणजे छापखाना हवा, कागद हवा, टपालखर्च हवा आणि संपादकाचा पगारही हवा. पैठणी विणणारा विणकर किंवा पापड-लोणची करणारी विधवा यांपैकी काय पैदा करणार? त्यांची दवंडी आळीच्या कोपऱ्यापलीकडे जाऊ शकत नव्हती. ही अडचण दूर व्हावयास एकविसावे शतक उजाडावे लागले.

२००४ साली फेसबुक, २००५ साली यूट्यूब, २००६ साली ट्विटर आणि २०१० साली इन्स्टाग्राम अशी ही माध्यमे एकामागून एक जन्मास आली. त्यांत दोन गोष्टी नव्या होत्या. पहिली ही की, प्रसिद्धीस जवळजवळ मूल्य पडेनासे झाले. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, ही की गिऱ्हाइकास उलट बोलता येऊ लागले. वर्तमानपत्रातील जाहिरात वाचून मनुष्य मनात काय म्हणाला हे दुकानदारास कधी कळत नसे. आता त्याची स्तुती आणि तक्रार दोन्ही चारचौघांत, त्याच पाटीखाली लिहिली जाऊ लागली.

या नव्या बळाचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात घडले. नोव्हेंबर २००८ मध्ये, आर्थिक मंदीच्या ऐन भरात, मार्क मँगेरा, त्यांची पत्नी कॅरोलिन आणि रॉय चॉय नावाचे आचारी यांनी 'कोगी' या नावाने एक फिरती खाणावळ काढली. मोटारीतच स्वयंपाकघर, त्यात मेक्सिकन पद्धतीच्या लहान पोळीत कोरियन पद्धतीने भाजलेले मांस भरून दोन डॉलरांच्या आसपास विकावयाचे. पदार्थ अपूर्व, पण गिऱ्हाईक नाही. रात्री करमणुकीच्या क्लबांबाहेर गाडी उभी करावी, तर लोक तिच्याकडे पाहून निघून जात. शिवाय गाडीस ठावठिकाणा नाही. आज जेथे खाल्ले तेथे उद्या ती सापडेल याचा भरवसा नाही. मग क्लबांच्या दारावरील पहारेकऱ्यांस त्यांनी फुकट चव दाखविली. त्यांनी ती वार्ता आत जाणाऱ्यांस सांगितली. त्याचबरोबर गाडी कोणत्या वेळी कोणत्या नाक्यावर उभी राहील, हे ते ट्विटरवर कळवू लागले. एका संदेशात १४० अक्षरांपेक्षा अधिक लिहिण्याची तेव्हा मुभाच नव्हती. पण 'अमुक ठिकाणी, अमुक वाजता' एवढे सांगावयास अधिक लागते कोठे? काही महिन्यांतच गाडी पोहोचण्यापूर्वी तेथे शेकडो लोक रांग धरून उभे राहू लागले. २०१० साली 'फूड अँड वाइन' या नियतकालिकाने रॉय चॉय यांची गणना त्या वर्षीच्या उत्कृष्ट नव्या आचाऱ्यांत केली. ठावठिकाणा नसणे हे ज्या धंद्याचे वैगुण्य, तेच त्याचे आकर्षण ठरले. येथेही लोकांस उपयोगी असे काहीतरी सांगितले जात होते. केवळ 'आमचेच उत्तम' असा घोष नव्हता.

भारतात ही माध्यमे सामान्य घरापर्यंत पोहोचली ती सप्टेंबर २०१६ नंतर. त्या महिन्यात जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइलवरील इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले. २०१८ साली लहान दुकानदारांसाठी व्हॉट्सअ‍ॅपची स्वतंत्र व्यापारी आवृत्ती निघाली. तिच्यात दुकानाची माहिती व पत्ता मांडण्याची सोय होती. या सोयीचे खरे मोल २०२० च्या वसंतात कळले. टाळेबंदी पुकारली गेली, आणि नेमका तोच हापूस आंब्याचा हंगाम. बाजारसमित्यांचे व्यवहार विस्कळीत झाले. रत्नागिरी व देवगडकडील बागायतदारांपुढे झाडावर पिकलेल्या फळाचे काय करावे हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा अनेकांनी मुंबई-पुण्यातील गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांशी संधान बांधले, मागणी एकत्र केली आणि पेट्या थेट वसाहतीच्या दारापर्यंत पोहोचविल्या. पिढ्यान्‌पिढ्या अडत्याचेच तोंड पाहणाऱ्या बागायतदारास आपले फळ खाणाऱ्याचे नाव प्रथमच ठाऊक झाले. आणि पेटीत खाली कच्चा आंबा निघाला, तर तो कोणाचा हेही गिऱ्हाइकास कळू लागले.

परंतु या सुलभतेस एक काटा आहे, आणि नव्या उद्योजकाने त्याकडे डोळेझाक करणे धोक्याचे होय. 'किर्लोस्कर' मासिक किर्लोस्करांचे होते. छापखाना त्यांचा आणि वर्गणीदारांच्या पत्त्यांची वहीही त्यांचीच. समाजमाध्यमावरील पाटी मात्र दुसऱ्याच्या भिंतीवर टांगलेली असते. नोव्हेंबर २०१४ मध्ये फेसबुकने जाहीर केले की, निव्वळ जाहिरातवजा मजकूर पुढील वर्षापासून लोकांस कमी दाखविला जाईल. जानेवारी २०१८ मध्ये, आप्तमित्रांच्या मजकुरास अग्रक्रम देऊन व्यापारी मजकूर मागे सारण्याचे धोरण त्याच कंपनीने घोषित केले. ज्यांनी वर्षानुवर्षे खपून हजारो अनुयायी मिळविले होते, त्यांस त्याच अनुयायांपर्यंत पोहोचण्यासाठी आता पैसे मोजण्याची पाळी आली. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉकही होते. सरकारने दिलेले कारण देशाच्या सुरक्षिततेचे होते. पण त्या एकाच माध्यमावर ज्यांचा चरितार्थ अवलंबून होता, त्यांची मिळवलेली ओळख एका रात्रीत नाहीशी झाली. पुढे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ही एकाच मालकीची तिन्ही माध्यमे सुमारे सहा तास बंद पडली. तितका वेळ जगभरच्या असंख्य लहान दुकानांस कुलूपच लागल्यासारखे झाले. आणि ते उघडण्याची किल्ली दुकानदाराजवळ नव्हती.

दुसरा धोका सत्याचा आहे. शेजाऱ्याच्या शब्दावर विश्वास बसतो, हे ओळखून पैसे देऊन शेजाऱ्यासारखे बोलणारे लोक उभे करण्याची प्रथा पडली. अशी स्तुती मोबदल्यासाठी केलेली असल्यास ती जाहिरात असल्याचे स्पष्ट दर्शवावे, असा नियम भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली केला. नियम करावा लागला, यातच रोगाचे स्वरूप दिसून येते. विकतची कीर्ती एकदा माल खपवील. परंतु उलट बोलावयाचा अधिकार गिऱ्हाइकास देणाऱ्या माध्यमात ती दुसऱ्या वेळी टिकावयाची नाही.

या इतिहासातून नवीन उद्योग काढणाऱ्यास घेण्यासारखे फार थोडे, पण पक्के आहे. गिऱ्हाइकास उपयोगी पडेल असे बोलावे. त्याची तक्रार चारचौघांत ऐकून चारचौघांतच निवारावी. आणि दुसऱ्याच्या भिंतीवर पाटी खुशाल टांगावी, परंतु गिऱ्हाइकांची नावे व पत्ते, त्यांच्या संमतीने, आपल्या स्वतःच्या वहीत उतरून ठेवावेत. भिंतीचा मालक उद्या पाटी उतरवील तेव्हा ती वहीच धंद्यास तारील. लोखंडी नांगरास भिणाऱ्या शेतकऱ्याचा विश्वास मिळविण्यास किर्लोस्करवाडीस वर्षे लागली. आज वार्ता निमिषात पोहोचते. विश्वास मात्र अद्यापि बैलगाडीच्याच गतीने येतो, आणि ज्या व्यापाऱ्याच्या ठायी तेवढा धीर आहे त्याच्याच दारी तो थांबतो.