मेक्सिकोतल्या आज्या

वंशावळ म्हटलं की बाप, आजोबा, पणजोबा अशीच नावं पुढे येतात. आज मेक्सिको देशातल्या आज्यांबद्दल बोलूया. आपल्या घरातला मका आणि मिरची मूळची त्याच भागातली.

1519 साली कोर्तेस नावाचा स्पॅनिश सरदार फौज घेऊन तिथे उतरला. हरलेल्या लोकांनी त्याला नजराणा दिला. त्यात सोनं होतं आणि वीस बायकाही होत्या. त्यांतली एक मालिन्त्सिन. तिला तिथल्या दोन भाषा येत होत्या, म्हणून ती दुभाषी झाली. कोर्तेसपासून तिला मार्तीन हा मुलगा झाला. बापाने पुढे पोपकडून मुलाला औरस ठरवून घेतलं, पण तिच्याशी लग्न केलं नाही. बाकीच्या एकोणीस जणींना तर इतिहासात जागाच मिळाली नाही.

पुढे तीनशे वर्षं स्पेनचं राज्य होतं. स्पेनहून पुरुष जास्त आले, बायका कमी. आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली. आशियातूनही आणली. आपल्या भारतातली एक मुलगी चाच्यांनी पळवली, मनिलाच्या बाजारात विकली, ती मेक्सिकोतल्या प्वेब्ला शहरात पोहोचली. काटारिना दे सान हुआन या नावाने ती 1688 मध्ये तिथेच वारली.

अशा सगळ्यांची मुलं जन्मली. स्पॅनिश बाप आणि मूळनिवासी आई यांच्या मुलाला ‘मेस्तिसो’ म्हणत. चर्चच्या बारशाच्या वहीत नावापुढे अशी जात लिहीत. 1821 ला देश स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी अशी नोंद करायला बंदी आली.

आता थुंकीच्या नमुन्यावरून डीएनए तपासतात. त्यातला एक भाग आईकडून मुलगा आणि मुलगी दोघांना मिळतो, पण पुढे देते फक्त मुलगी. दुसरा एक भाग बापाकडून फक्त मुलाला जातो. मेक्सिकोत तपासलं तेव्हा आईकडची वाट बहुतेकांची मूळनिवासी बायकांपर्यंत गेली आणि बापाकडची बऱ्याच जणांची युरोपपर्यंत. राज्य कुणाच्या हातात होतं आणि घरात कोण होत्या, हे यातून कळतं. आफ्रिकेच्या खुणाही सापडतात. 2020 च्या जनगणनेत सुमारे 25 लाख लोकांनी आपण आफ्रिकी वंशाचे असल्याचं सांगितलं.

पण तपासणीला मर्यादा आहेत. सात पिढ्या मागे गेलं तर प्रत्येकाचे 128 पूर्वज होतात. आईची वाट त्यांतल्या एकीचीच खूण दाखवते. तिचं नाव काय, ती राजीखुशीने नांदली की जबरदस्तीने, हे डीएनए सांगत नाही. नावासाठी तिथले लोक अजूनही चर्चच्या जुन्या वह्या चाळतात. कुणी उच्च, कुणी नीच, हे तर कुठलीच तपासणी सांगत नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकीने आई, आजी, पणजी यांची नावं लिहूया. माहेरच्या नावासकट. आठवत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या बाईला आजच विचारा.