लायनफिशसाठी घडलेली हत्यारं

लायनफिश मूळचा आपल्या बाजूचा, हिंदी आणि प्रशांत महासागरातला मासा. लाल-पांढरे पट्टे आणि पिसाऱ्यासारखे पर असल्यामुळे तो अमेरिकेतल्या घरोघरच्या काचेच्या टाक्यांत गेला आणि बहुधा तिथूनच कुणीतरी समुद्रात सोडला. १९९२च्या अँड्र्यू वादळात मत्स्यालय फुटून तो निसटला, असं फ्लोरिडात वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. पण डेनिया बीचजवळ तो १९८५मध्येच सापडला होता. वादळावर खापर फोडणं सोयीचं, एवढंच.

पुढे बहामा, मग सगळा कॅरिबियन. तिथल्या लहान माशांना हा शिकारी आहे हेच ठाऊक नव्हतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या बहामातल्या प्रयोगात, लायनफिश असलेल्या छोट्या प्रवाळखडकांवर पाच आठवड्यांत नव्या देशी पिल्लांची भर सरासरी ७९ टक्क्यांनी घटलेली दिसली.

त्याला पकडायचं कसं? गळाला तो क्वचितच लागतो आणि प्रवाळात जाळं ओढलं तर प्रवाळच तुटतं. उरला भाला. मागच्या रबरी फासात अंगठा अडकवायचा, रबर ताणून दांडा मुठीत धरायचा आणि मूठ सैल करायची. काट्यांच्या भरवशावर लायनफिश सहसा पळत नाही, त्यामुळे पाणबुड्याला हातभर अंतरावर जाता येतं.

खरी अडचण मारल्यानंतरची. त्याला १८ विषारी काटे असतात आणि मेल्यावरही ते टोचतात. पिशवीत भरलेला मासा पिशवीतूनच मांडीला टोचायचा. (टोचल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवतात, उष्णतेने विष निकामी होतं. शिजवलेला मासा बिनघोर खातात तेही त्यामुळेच.) यातून प्लास्टिकची जाड नळी आली. तिच्या तोंडाशी आत वळलेल्या ताठ पट्ट्या असतात. भाल्यासकट मासा आत ढकलायचा आणि भाला मागे ओढायचा: पट्ट्या मासा अडवतात, भाला मोकळा होतो. हात काट्यांजवळ जातच नाही. मला ही नळी फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे एका बुडीत अनेक मासे मारता येऊ लागले.

२००९पासून बहामात शिकारीच्या स्पर्धा सुरू झाल्या, पुढे फ्लोरिडातही रुजल्या. मासा समूळ संपणार नाही, हे सगळ्यांनाच कळून चुकलं होतं. पण २०१४च्या एका अभ्यासाने धीर दिला: संख्या ठरावीक पातळीखाली ठेवली, तर त्या खडकावर देशी मासे पुन्हा वाढतात. म्हणजे शिकार थांबवायची नाही.

मात्र लायनफिश ३०० मीटर खोलवरही दिसला आहे आणि तिथे भाला घेऊन कोण जाणार? त्यासाठी स्टीव्ह गिटिंग्ज या अमेरिकी शास्त्रज्ञाने बिनआमिषाचा सापळा रचला. तो तळाशी सपाट उघडा पडून राहतो, मधल्या उभ्या जाळीच्या आडोशाला लायनफिश जमतात आणि दोर ओढला की दोन्ही बाजू मिटतात. इतर मासे त्यात कितपत अडकतात, हेच तपासून तो वापरात आणायचा आहे.