हर्सूलच्या रस्त्यावर

दिल्ली दरवाजातून बाहेर पडा आणि हर्सूलच्या दिशेने चालायला लागा. साल १९३८, महिना नोव्हेंबर. शहर औरंगाबाद, राज्य निजामाचं. तुम्ही एकोणीस वर्षांचे आहात आणि किल्ले अर्कातल्या इंटरमीजिएट कॉलेजच्या हजेरीपटावर तुमचं नाव आहे. १९२३ सालचं हे कॉलेज. इंटर झालं की पुढे हैदराबादला, उस्मानियात जायचं आणि वकील व्हायचं, असं तुम्ही घरी सांगून ठेवलंय.

वकिली करायची तर उर्दूला पर्याय नाही. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानियात वरचं सगळं शिक्षण उर्दूत चालतं आणि कोर्टाचं कामही उर्दूत. वडील एकदा शेताच्या दाव्यात दिवसभर कोर्टाच्या आवारात बसून होते. आपण जिंकलो की हरलो, हे त्यांना संध्याकाळी मुन्शीने पैसे घेऊन सांगितलं. तुमच्या डोक्यातली वकिली त्या संध्याकाळपासूनची आहे.

कॉलेजात वादसभा आहे, पण तिथले विषय वरून ठरून येतात. खरी सभा वसतिगृहाच्या खोलीत भरते. सात-आठ जण सतरंजीवर बसतात आणि एक जण दाराशी उभा राहतो. दाराशी उभं राहावं लागतं, कारण राज्यात 'गश्ती निशाण ५३' लागू आहे आणि परवानगीशिवाय सभा घेता येत नाही. त्यात आता प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणायचं नाही, असा हुकूम आलाय. खोलीत कुजबुज सुरू होते. सभा म्हणजे नेमकं काय? आठ मुलं एकत्र बसून प्रार्थना म्हणतात, तेव्हा ती सभा होते का? प्रार्थनेला परवानगी कुणाची घ्यायची? आणि नाकारली तर दाद कुठे मागायची? कायद्याचं एकही पुस्तक न उघडलेली ही मुलं त्या रात्री कायद्याचा सगळ्यात अवघड प्रश्न विचारताहेत. माझ्या मते औरंगाबादच्या विधी विद्यार्थी मंडळांची वंशावळ लिहायची झाली, तर ती या सतरंजीपासून लिहावी.

मुलं संपावर जातात. महिना संपायच्या आत संपाचं लोण उस्मानियाच्या वसतिगृहांत पोचतं आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकतात. त्यांना दार उघडतं ते नागपूर विद्यापीठ. तिथले कुलगुरू टी. जे. केदार या मुलांना प्रवेश देतात. त्यांच्यातला एक मुलगा पुढे नागपुरातूनच कायद्याची पदवी घेणार आहे आणि देशाचा पंतप्रधान होणार आहे. त्याचं नाव पी. व्ही. नरसिंह राव.

पण आज तुम्ही या रस्त्यावर आहात, कारण तुमच्या आळीतला एक जण धरला गेलाय. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिच्या जन्माआधीच बंदी आली होती. २४ ऑक्टोबरपासून तिचा सत्याग्रह सुरू आहे आणि आर्य समाजाचाही सुरू होतोय; येत्या वर्षात तुरुंग भरून जाणार आहेत. दोन्ही बाजूंना शेतं आहेत. याच बाजूच्या डोंगरांतून मलिक अंबरने शहरासाठी नहर आणली, ती पायाखालच्या जमिनीतून अजून वाहतेय. हर्सूलच्या तुरुंगाच्या भिंतीपाशी तुम्ही थांबता. तो आत आहे की नाही, एवढंच विचारायचंय. पण विचारलं तर आधी तुमचं नाव लिहून घेतील, आणि मग पुढे कॉलेज राहणार नाही. तुम्ही न विचारता माघारी फिरता.

आता पुन्हा चाला. रस्ता तोच, साल १९७८, डिसेंबर. निजाम गेला, मराठवाडा महाराष्ट्रात आला, १९५८ पासून शहराला स्वतःचं विद्यापीठ आहे. मुक्तिलढ्यातले वकील माणिकचंद पहाडे यांच्या नावाचं विधी महाविद्यालय शहरात आहे आणि तुम्ही कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहात. सभेला आता परवानगी लागत नाही. विद्यार्थी मंडळ आहे, निवडणुका आहेत, गॅदरिंग आहे, वक्तृत्वाची ढाल आहे.

आणि तरी या वर्षी कुणालाच व्यासपीठावर चढून बोलावंसं वाटत नाही. २७ जुलैला विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात गावोगावच्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. ज्या बाबासाहेबांनी या शहरात १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय उभं केलं, त्यांच्या नावावरून हे घडलं. तुमच्या बाकावर बसणाऱ्या मित्राचं घर जळालं. तो कॉलेजात परत आला तेव्हा त्याने एकच गोष्ट मागितली. फिर्याद कशी लिहायची ते कुणी तरी सांगा, म्हणाला. गावातले लोक ठाण्यात जातात आणि तसेच परत येतात. मंडळाच्या बैठकीत यावर वाद होतो. आपण विद्यार्थी, आपण यात पडायचं का? कुणी म्हणतं, परीक्षा झाल्यावर बघू. कुणी उठून निघून जातं. जे चार जण मागे राहतात, ते वह्या घेऊन मित्राच्या गावी जातात. या चौघांच्या मंडळाला नाव नाही, लेटरहेड नाही, नोटीस बोर्डावर जागा नाही. त्या वर्षीचं खरं मंडळ मात्र तेच आहे.

ग्रंथालयात एआयआरचा, म्हणजे न्यायालयांचे निकाल छापणाऱ्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'चा, १९७८ चा खंड उघडा. एकाच ऑगस्ट महिन्यातले दोन निकाल थोड्या पानांच्या अंतरावर छापलेत, दोन्ही न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांचे. पहिला होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. उच्च न्यायालयाने निकालाची मोफत प्रत येरवड्याच्या तुरुंगाकडे पाठवली होती. कैदी म्हणत होता की मला ती मिळालीच नाही, आणि मिळाल्याची त्याची सही कुठेच नव्हती. अपिलाची मुदत केव्हाच उलटून गेलेली. प्रत कैद्याच्या हातात द्या, पोच घ्या आणि गरज असेल तर सरकारी खर्चाने वकील द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. दुसरा निकाल मोतीरामचा. मोतीराम मध्य प्रदेशातला गवंडी. दंडाधिकाऱ्यांनी त्याच्याकडे १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडलं.

हे दोन निकाल वहीत उतरवून तुम्ही हर्सूलला निघालात. मित्राच्या गावातले, उलट्याच गुन्ह्यात अडकवलेले दोघं आत आहेत. या वेळी फाटकावर तुम्ही नाव सांगता. शिपाई विचारतो, "नातेवाईक आहात का? वकील?" दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यासाठी त्या नोंदवहीत रकाना नाही. तुम्हाला आत सोडत नाहीत, पण निरोप आत जातो.

आणि समजा शिक्षा झाली, अपील करायचं ठरलं, तर मुंबई. इथून मीटर गेजने मनमाड, तिथे गाडी बदलायची आणि ब्रॉड गेजने पुढे. कैद्याच्या म्हाताऱ्या आईने हा प्रवास किती वेळा करायचा? शहरातले वकील खंडपीठासाठी झगडताहेत ते या प्रवासासाठी. तीन वर्षांनी, २७ ऑगस्ट १९८१ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाचं कामकाज औरंगाबादेत सुरू होईल. त्यालाही आव्हान दिलं जाईल आणि सर्वोच्च न्यायालय हे कामकाज कायम ठेवेल. १९८४ मध्ये त्याला कायमच्या खंडपीठाचा दर्जा मिळेल. हर्सूलच्या कैद्याचं अपील मग हर्सूलपासून काही किलोमीटरवर चालेल. या शहरातल्या विधी शिक्षणावर एवढा मोठा परिणाम दुसऱ्या कशाचा झाला नसेल. विद्यार्थ्यांना सकाळी वर्ग आणि दुपारी उच्च न्यायालय, दोन्ही एका दिवसात पाहता यायला लागलं.

मधली वर्षं भराभर चालून जा. १९९४ च्या १४ जानेवारीला विद्यापीठाचा नामविस्तार होतो. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ ला अंमलात येतो. २०११ च्या नियमांनी विधी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांची विधी सेवा केंद्रं कागदावर पक्की होतात. चार जणांच्या त्या बिननावाच्या मंडळाला अखेर कायद्यात रकाना मिळाला.

आता चाला आजच्या दिवसात. शेतं गेली. दिल्ली गेटपासून हर्सूल टी पॉइंटपर्यंत वाहनांची रांग आहे आणि पाट्यांवर शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे. २०१७ पासून शहरात महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कांचनवाडीत. तुम्ही नुकताच कायद्याला प्रवेश घेतलाय आणि सीनियर्स समित्या समजावून सांगताहेत. मूट कोर्ट म्हणजे सरावाचं लुटुपुटूचं कोर्ट, डिबेट, साहित्य, क्रीडा, सांस्कृतिक, जर्नल, विधी सहाय्य. सगळ्यांना मूट हवं असतं. मूटमधून टीम ठरते, टीममधून पदकं, पदकांतून इंटर्नशिप. बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमातही मूटला गुण आहेत. मूट करावंच, न्यायाधीशांचा प्रश्न अंगावर आला असताना न डगमगता उभं राहायला दुसरं काहीच इतक्या लवकर शिकवत नाही. पण मूटमधला पक्षकार कागदावरचा असतो. तो रडत नाही, तारीख विसरत नाही, खोटं बोलत नाही. आणि मूट इंग्रजीत चालतं, तर जिल्हा न्यायालयाची भाषा मराठी आहे. वाक्यावाक्याला 'युअर लॉर्डशिप' म्हणणाऱ्या मुलाला कोर्टाचा रोजनामा वाचता येत नाही, असं दिसतं तेव्हा मला मुन्शीकडून निकाल ऐकणारे ते वडील आठवतात. म्हणून तुम्ही विधी सहाय्य समितीत नाव द्या, एवढं मी आग्रहाने म्हणेन.

शनिवारी सकाळी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या परवानगीचं पत्र घेऊन समितीचे पाच जण हर्सूल कारागृहाच्या फाटकाशी उभे राहतात. सोबत प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या एक वकीलबाई आहेत. मोबाइल बाहेर ठेवायचे, ओळखपत्रं दाखवायची, नोंदवहीत सही करायची. मोठ्या दरवाजातल्या दिंडीतून वाकून तुम्ही आत जाता.

सतरंजीवर बसलेले बहुतेक जण कच्चे कैदी आहेत. खटला चालायचाय किंवा चालू आहे. पहिले येतात ते पन्नाशीचे गृहस्थ.

"नमस्कार वकीलसाहेब."

"मी वकील नाही, मामा. कायदा शिकतोय आम्ही. तुमचं लिहून घेऊन पुढे देतो."

"वकील दिलाय म्हनतेत. पन म्या पाह्यला नाई अजून."

अटकेची तारीख विचारा. कलम विचारा, त्यांना माहीत नसेल तर कारागृहाच्या नोंदीतून घ्या. चोरी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३. जास्तीत जास्त शिक्षा ३ वर्षं. अटकेला १३ महिने झालेत. आता पुढचा प्रश्न चुकवू नका: आधी कधी शिक्षा झालीय का? नाही. दुसरी एखादी केस चालू आहे का? तीही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ आठवा. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला बंधपत्रावर सोडायचं. एक तृतीयांश म्हणजे १ वर्ष, आणि ते उलटून गेलंय. एकाहून जास्त प्रकरणं चालू असती तर हे कलम लागू झालं नसतं. म्हणून तो प्रश्न विचारायचा. तुम्ही हिशेब दोनदा करता, वकीलबाईंना वही दाखवता. त्या मान हलवतात. कारागृह अधीक्षकांनीच कोर्टाला लेखी अर्ज करायचा असतो, असंही त्या कलमात आहे. वहीत तुम्ही तेही लिहिता.

दुसरा पंचविशीचा. याला जामीन मिळून दीड महिना झालाय, तरी तो आतच आहे. १५,००० चा जामीनदार लागतो. भाऊ तयार आहे, पण तो जिंतूरला, परभणी जिल्ह्यात. "इथलाच मानूस आना म्हनलेत. इथं माझं कोन हाय?" तुमच्यासोबतची मुलगी लिहायची थांबते. तुम्ही तिला आदेशाची तारीख विचारून घ्यायला सांगता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय: जामीन होऊन ७ दिवसांत कैदी सुटला नाही, तर अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, महिना उलटला, तर कोर्टाने अटी सैल करायचा विचार करायचा. ही माहिती सतरंजीवरच्या मुलापर्यंत कुणीच पोचवलेली नाही.

बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर यादी तयार होते. तुम्ही सनद घेतलेली नाही, म्हणून तुम्हाला कोर्टात उभं राहता येणार नाही. पण अर्जाचा मसुदा तुम्ही मराठीत करू शकता. जिंतूरच्या भावाच्या अर्जाखाली तुम्ही आधार म्हणून लिहिता: मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, १९७८. गवंड्याच्या त्या भावाने सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांनंतर जिंतूरच्या भावासाठी उभं राहायचंय.

सोमवारी अकरा वाजता कॉलेजात मूटची निवड फेरी आहे. तुम्ही साडेदहाला अदालत रोडवर, जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात आहात. सचिव यादी वाचतात, पहिल्या नावावर पेन टेकवतात आणि विचारतात, "कोर्ट कोणतं? पुढची तारीख?"

तुम्ही वही उघडून दोन्ही सांगता, आणि ते दुसऱ्या नावाकडे वळतात.